दहावीची वाट कशाला पाहायची?

आई-बाबांनो, मूल नववीत गेलं की एक प्रश्न हमखास विचारला जातो: "एलडीचं (अध्ययन अक्षमतेचं) सर्टिफिकेट कुठे मिळेल हो?" विचारण्यात काहीच गैर नाही. दहावीला वाढीव वेळ, गरज असेल तर लेखनिक, विषय निवडण्यात सवलत हा तुमच्या मुलाचा हक्क आहे आणि महाराष्ट्रात अशा सवलती १९९६ पासून आहेत. मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ज्या मुलाला तिसरीत मदत मिळायला हवी होती, ते तोवर 'आळशी', 'लक्षच नसतं', 'हुशार आहे पण करत नाही' हेच ऐकत आलेलं असतं. सर्टिफिकेटामुळे परीक्षा सुसह्य होते, पण त्याने वाचता येत नाही. वाचायला शिकवणं हे विशेष शिक्षकाचं काम आहे आणि त्याला वेळ लागतो.

म्हणून दुसरी-तिसरीची वही नीट पाहा. 'घर'चं 'धर' होतं, 'भात'चा 'मात' होतो. एकाच ओळीत एका शब्दाला वेलांटी असते, पुढच्याची गळते. जोडाक्षर आलं की हात थबकतो. फळ्यावरचं उतरवताना मधली एखादी ओळच राहून जाते. पण तोच धडा वाचून दाखवला, तर हेच मूल सगळ्या पात्रांसकट गोष्ट घडाघडा सांगतं. तोंडी आणि लेखी यांच्यातली ही दरी, नीट शिकवूनही महिनोन् महिने तशीच राहिली, तर "होईल आपोआप" म्हणून थांबू नका. "त्याचा बाबाही असाच होता," असं आजी म्हणते ना? तेही तज्ज्ञांना आवर्जून सांगा. ही अडचण पुष्कळदा घराण्यात असते, आणि त्या एका वाक्याचा निदानाला उपयोग होतो.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. तिथे बुद्ध्यांकाची चाचणी होते आणि अहवाल हातात पडला की सगळ्यांची नजर त्याच आकड्यावर खिळते. कृपा करून तो आकडा नातेवाइकांना सांगत बसू नका. तो काही प्रगतिपुस्तकातला गुण नाही. वाचनातला अडथळा एकूण आकलनाच्या मर्यादेमुळे आहे की फक्त वाचन-लेखनापुरता आहे, हे कळावं म्हणून ती चाचणी करतात. तुमच्या कामाची पानं त्यापुढची आहेत: कोणते ध्वनी गोंधळतात, वाचनाचा वेग किती, गणितात नेमकं काय अडतं. समजलं नाही तर तिथेच बसून विचारा. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर तेही स्पष्ट सांगा, कारण भाषा नवखी असल्याची अडचण आणि अध्ययन अक्षमता वरवर सारखीच दिसतात.

प्रमाणपत्रासाठी साधारण आठ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. मदतीला मात्र अशी अट नाही. सहा वर्षांच्या मुलाला अक्षर आणि ध्वनीची सांगड घालायला शिकवण्यासाठी कुणाचाही शिक्का लागत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर खासगी थेरपी अनेक घरांना झेपत नाही हे खरं आहे. म्हणून सरकारी वाटही माहीत असू द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात आणि गरज असेल त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (डीईआयसी) पाठवतात. समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणासाठी नेमलेली माणसं असतात, त्यांची चौकशी मुख्याध्यापकांकडे किंवा गट साधन केंद्रात करा. मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांतही चाचण्या होतात, पण नंबर लागायला बरेच महिने जातात. म्हणून नाव आजच नोंदवा.

खासगी शिक्षक पाहताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नका. चांगल्या शिक्षकाला त्या प्रश्नाचा राग येत नाही. दोन महिन्यांत मूल 'पूर्ण बरं' करून देतो म्हणणाऱ्यांपासून आणि डोळे बांधून मेंदू जागा करणाऱ्या क्लासांपासून चार हात लांब राहा. त्यात पैसा जातो आणि त्याहून मोलाचं वर्षही जातं.

खऱ्या कामाला गाजावाजा नसतो. ताटलीत रवा पसरून मूल बोटाने 'घ' काढतं, काढताना मोठ्याने म्हणतं, मग 'ध' काढतं, दोघांमधला फरक बोटाला कळेपर्यंत. 'पावसाळा' हा शब्द टाळ्या वाजवत तोडायचा, पुन्हा जोडायचा. चाळीस मिनिटांत चार-पाच शब्द होतात, आणि बाहेर बसलेल्या आईला वाटतं, एवढंच? हो, एवढंच, पण न चुकता, आठवड्यातून दोन-तीनदा. घरी काय करायचं ते शिक्षकांकडून करून दाखवून घ्या आणि रोज दहा-पंधरा मिनिटं तेवढंच करा. ट्यूशनची आणखी एक फेरी वाढवली तर थकलेलं मूल अजून थकेल. तीन महिन्यांनी कशात फरक दिसायला हवा, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या. नाही दिसला तर पद्धत बदलायला सांगणं हे तुमचं काम आहे.

शाळेला सांगावं की नाही, यात बरेच जण अडकतात. सांगा. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे तुम्ही शाळेकडे उपकार मागत नाही. वर्गात सर्वांसमोर उभं करून वाचायला लावू नका, तोंडी उत्तरं ऐका, एवढ्या दोन विनंत्या लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि मुलालाही सांगा. त्याला काहीतरी वेगळं आहे हे केव्हाच कळलेलं असतं, आपण गप्प राहिलो की ते स्वतःला 'ढ' समजून मोकळं होतं. "तुला अक्षरं लवकर सापडत नाहीत. ती कशी शोधायची ते शिकवणाऱ्या बाईंकडे आपण जाणार आहोत," इतकं साधं बोललात तरी पुरे.

तज्ज्ञांच्या पहिल्या भेटीला शक्यतो दोघंही जा. आईने धावपळ करायची आणि बाबांनी रात्री अहवाल वाचायचा, असं केलंत तर तिला घरी येऊन सगळं पुन्हा पटवून द्यावं लागतं. जाताना जन्माच्या वेळचे कागद, जुनी प्रगतिपुस्तकं आणि वर्गातल्या रोजच्या वह्या बरोबर घ्या. त्यातही खाडाखोड असलेली कच्ची वही न्या. तुम्ही शेजारी बसून सुवाच्य लिहून घेतलेली वही घरीच राहू द्या.