बांधकामाचे पाणी

दिल्लीच्या परिसरात भूखंड घेऊन स्वतःच्या देखरेखीखाली घर बांधू इच्छिणाऱ्या मराठी गृहस्थाला सल्लागारांची वानवा कधीच भासत नाही. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात गणपतीच्या दिवसांत नुसता विषय काढावा, की सिमेंट कोणत्या छापाचे घ्यावे, लोखंड कोणाकडून उचलावे, स्वयंपाकघर आग्नेयेस नसेल तर कोणता अनर्थ ओढवतो, यावर रात्री उशिरापर्यंत मतप्रदर्शन चालते. परंतु ज्या पाण्यात ते सिमेंट कालवले जायचे ते कोठून येणार, हा प्रश्न त्या मंडळींपैकी एकानेही मला कधी विचारला नाही. मी तो ठेकेदाराला विचारला होता, करारनाम्यात लिहूनही घेतला होता, आणि तरीही जे व्हायचे ते झाले. तो संताप अद्याप शमलेला नाही, हे या लेखाचे एक कारण. दुसरे असे, की आमच्याच गल्लीत आणखी दोन पाये खणले जात आहेत.

करारनाम्याचा मसुदा माझा स्वतःचा होता. उभी हयात हिशेबतपासणीच्या खात्यात, परक्यांच्या जमाखर्चावर शेरे मारण्यात गेल्यामुळे मजकुरात फट राहू द्यायची नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली. गुडगावात बांधकामासाठी भूजल वापरण्यास पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने 2012 साली मनाई केलेली आहे, आणि धनवापूर व बेहरामपूर येथील केंद्रांतून शुद्ध केलेले सांडपाणी टँकरने आणून वापरावे, अशी व्यवस्था आहे. तेव्हा काम याच पाण्यावर होईल आणि प्रत्येक टँकरची पावती मालकास दर आठवड्यास सादर केली जाईल, असे कलम मी घातले. ठेकेदाराने ते न वाचताच सही ठोकली आणि, "बाबूजी, आप जैसा पढ़ा-लिखा मालिक तो क़िस्मत से मिलता है," असे म्हणून आमच्या सौभाग्यवतींच्या चहाची स्तुती केली. शेजारच्या शर्माजींनी त्याची शिफारस करताना 'देवमाणूस' हाच शब्द वापरला होता. शर्माजींचे घर चार वर्षांपूर्वीचे. त्यांच्या जिन्याखालच्या भिंतीचा गिलावा आता फुगू लागला आहे, आणि ते हल्ली माझ्याशी फारसे बोलत नाहीत.

पाया आणि जोते यांचे काम निर्दोष झाले, हे मी कोणाच्याही पुढे सांगेन. पावत्या येत होत्या, त्या मी तारीखवार फायलीत लावत होतो, आणि तळमजल्याचे खांब उभे राहून स्लॅबही पडल्यावर, दुसऱ्या हप्त्यापूर्वीची नित्याची रुजुवात घ्यावी म्हणून एका संध्याकाळी ती फाईल घेऊन बसलो. आरंभीच्या पावत्यांचे क्रमांक असायला हवे तसे विखुरलेले होते. टँकरवाला साऱ्या सेक्टरला पाणी पुरवतो, तेव्हा आमच्या दोन पावत्यांमध्ये इतर गिऱ्हाइकांच्या पंचवीस-तीस पावत्या जाणे स्वाभाविकच. माघ संपता संपता मात्र हे क्रमांक एकामागून एक, अखंड लागू लागले: एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. मधे दहा-दहा दिवसांचे अंतर आणि तरीही क्रमांक सलग, याचा अर्थ ते पावतीपुस्तक आमच्याखेरीज जगात कोणासाठीच फाडले जात नव्हते. अक्षर एक, शाई एक, आणि एक पावती तर धुळवडीच्या दिवशीची, ज्या दिवशी गुडगावात टँकरच काय, दूधवालासुद्धा दारी येत नाही. ज्याने आयुष्यभर असल्या पावत्या पकडल्या, त्याला असल्याच पावत्या पाठवण्याचे या माणसाला धाडस झाले, याचा राग मला पैशांच्या रागाहून अधिक आला.

दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच मी भूखंडावर गेलो. मागच्या रिकाम्या प्लॉटमधील कूपनलिकेवरून एक निळी नळी भिंतीवर चढवलेली होती आणि ती आमच्या पिंपात धो धो वाहत होती. पिंपाच्या काठावर, जेथे पाणी वाळले होते तेथे, बोटाने खरवडावी इतकी पांढरी भुकटी साचलेली. मी ओंजळीतले पाणी जिभेवर घेतले. ते खारट होते, आणि मागाहून घशाशी तुरट, कडवट चव रेंगाळत राहिली. चौकीदाराने नजर चुकवली. तासाभराने ठेकेदार आला, तेव्हा त्याने ना नळी काढली ना चेहरा पाडला, मिस्त्र्यांकडे वळून, "बाबूजी के लिए कुर्सी लाओ," म्हणाला आणि मला समजावू लागला, "पूरा सेक्टर इसी पानी पर खड़ा है, बाबूजी, आज तक किसका मकान गिरा?" पावत्या पुढे केल्या तेव्हा तो आधी हसला, मग मुलाबाळांची शपथ घेऊन सारा दोष मुनशीवर ढकलू लागला, आणि मुनशीला समोर बोलवा असे म्हणताच, "आप दफ़्तर वाले लोग काम नहीं होने देते," असे बजावून मोटारीत बसला. त्या रात्री सेंटरिंगच्या प्लेट्स आणि टेकू ट्रकमध्ये भरून गेले. माझ्या पैशांनी आणलेल्या सिमेंटच्या गोण्याही त्यांच्याबरोबर गेल्या.

खाऱ्या पाण्याने होते काय, हे वास्तुविशारदाने मला सांगायला हवे होते. ते मला पुस्तके चाळून शिकावे लागले. काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे आतल्या सळईवर एक सूक्ष्म संरक्षक पटल धरते आणि ती वर्षानुवर्षे गंजत नाही. पाण्यातले क्लोराइड ते पटल भेदते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने काँक्रीट आतल्या रेट्याने तडकून निखळू लागते. म्हणूनच भारतीय मानक 456 ने साध्या काँक्रीटच्या पाण्यात दर लिटरला 2000 मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइडला मुभा दिली असली, तरी सळया घातलेल्या काँक्रीटसाठी ती मर्यादा 500 वर आणली आहे. हा सारा व्याप निष्कारण आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी गुडगावच्याच सेक्टर 109 मधील ती उंच इमारत आठवावी, जेथे 10 फेब्रुवारी 2022 रोजी सहाव्या मजल्यापासून खाली स्लॅब एकावर एक कोसळून दोन स्त्रियांचा अंत झाला. दिल्लीच्या आयआयटीने केलेल्या तपासणीत तिच्या काँक्रीटमध्ये क्लोराइडचे प्रमाण मर्यादेबाहेर असल्याचे आढळून आले. ती इमारत जुनीही नव्हती.

वास्तुविशारदाविषयी थोडक्यात लिहितो, कारण विस्ताराने लिहिले तर भाषा सुटेल. नकाशा, मंजुरी आणि देखरेख अशा तिन्हींचे शुल्क त्यांनी आगाऊ घेतले होते. देखरेखीच्या नावाखाली त्यांचा एक शिकाऊ मुलगा येऊन भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढून जाई. पाण्याचा विषय काढताच, "पानी तो पानी होता है, सर," असे त्या विद्वानांचे उत्तर आले.

मग मी पाणी आणि काँक्रीट या दोन्हींचे नमुने एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे दिले, आणि स्वतंत्र संरचना-अभियंता नेमून कोठले गाभे काढायचे ते पावत्यांच्या तारखांवरून ठरवले. पाण्यातील क्लोराइड मर्यादेच्या दुपटीहून अधिक निघाले. पायातल्या नमुन्यात दोष नव्हता. तळमजल्याच्या खांबांत आणि स्लॅबमध्ये ते दर घनमीटरला 0.6 किलोग्रॅम या मर्यादेच्या पुष्कळ पुढे गेले होते. पावतीपुस्तक जेथे बदलले, तेथेच काँक्रीटही बदलले होते. त्या अहवालाच्या नकला मी वास्तुविशारदांना पाठवल्या. पोच आली नाही.

स्लॅब पाडून पुन्हा घातला, खांबांचे काय करायचे ते अभियंत्याच्या सल्ल्याने केले, आणि या वेळी काँक्रीट तयार मिश्रणाचे, कारखान्याच्या दाखल्यासह घेतले. पाडकाम अर्धे झाले असताना हिवाळा आला, आणि हवा बिघडून 'ग्रॅप' या प्रदूषण-नियंत्रण आराखड्याचा तिसरा टप्पा लागू होताच काम बंद पडले. उघड्या सळयांवर प्लास्टिक घालून आम्ही आकाशाकडे पाहत बसलो. यावरून सांगतो: नोव्हेंबर ते जानेवारी या काळात स्लॅबचा वा पाडकामाचा बेत दिल्लीच्या आसपास ठेवूच नये, आणि बंदीच्या दिवसांत सेंटरिंगचे भाडे व चौकीदाराचा पगार कोणी द्यायचा, हे करारात आधीच लिहावे, कारण ठेकेदार ते नंतर मालकाच्याच माथी मारतो.

टँकर येईल तेव्हा मालकाने किंवा घरच्या कोणी समोर उभे राहून त्याचा वाहनक्रमांक व वेळ वहीत टिपावी, पावतीवर तोच क्रमांक घालून घ्यावा, आणि पावत्या हप्त्याच्या दिवशी नव्हे तर दर आठवड्याला क्रमांकवार मांडून पाहाव्यात. पाण्यातले क्षार मोजणारे टीडीएसचे छोटे यंत्र काहीशे रुपयांत मिळते. ते क्लोराइड वेगळे सांगत नाही, पण आकडा एकाएकी चढला तर पाणी बदलले आहे हे नक्की कळते. शुद्ध केलेल्या सांडपाण्याचीही तपासणी करून घ्यावी, कारण ते सरकारी केंद्रातून आले एवढ्याने बांधकामास योग्य ठरत नाही. लोखंड बाहेरच्या वजनकाट्यावर तोलून घ्यावे. 12 मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला 0.888 किलो भरते, त्याहून लक्षणीय कमी भरली तर गाडी परत पाठवावी. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी सळया आणि साचा यांमध्ये सिमेंटचे ठोकळे आहेत की नुसती दगडाची कपची, हे वाकून पाहावे; खांबाला 40 मिलिमीटरचे आवरण हवे. उन्हाळ्यात स्लॅब संध्याकाळी ओतावा आणि मिश्र सिमेंट असेल तर किमान चौदा दिवस गोणपाट ओले ठेवावे. शेवटच्या देयकातील काही रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत अनामत ठेवावी. शेजाऱ्यांशी गोडीने राहावे, रोखीने व्यवहार करू नये, आणि मिस्त्र्याशी भांडू नये, हे सांगायला अनुभव लागत नाही, तरी सांगितले.

तक्रारीविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो, की आता रेरा आहे म्हणजे चिंता नाही. स्वतःच्या भूखंडावर स्वतःसाठी बांधलेल्या घराला तो कायदा उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतो तो 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, ज्याच्या 'सेवा' या व्याख्येत गृहबांधकाम स्पष्टपणे आले आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते, आणि दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाकडे जाते. माझी तक्रार तेथे आहे. ठेकेदाराच्या वकिलाचे म्हणणे असे, की पाणी मालकाने पुरवायचे होते. सलग क्रमांकांच्या पावत्या कोणी फाडल्या, याचा खुलासा त्यांच्या कैफियतीत नाही.

ज्यांच्या घराचे काम या घडीला चालू असेल, त्यांनी आधी हौदातले पाणी एका स्वच्छ बाटलीत स्वतःच्या हाताने भरून प्रयोगशाळेत पाठवावे, आणि अहवाल हाती येईपर्यंत, ठेकेदार कितीही घाई करो, स्लॅब ओतू देऊ नये.