आता कुणी आजारी पडू नका हं!

सहल चार दिवसांवर आली की घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं. बॅगा माळ्यावरून खाली उतरलेल्या असतात, चिवड्याचे आणि शंकरपाळ्यांचे डबे भरायचे असतात, आणि कुणी नुसतं शिंकलं तरी आपण म्हणतो, ‘आता कुणी आजारी पडू नका हं!’ माझी आई म्हणायची, म्हणून मीही म्हणत आले. पालकहो, आज त्या वाक्याबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने ते खरं मानलं आणि दोन दिवस पोटातली कळ दाबून ठेवली.

२०२३च्या मे महिन्यातली ही गोष्ट. आम्ही चौघं सिमला-मनालीला जाणार होतो. तेव्हा रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी सुरू व्हायचं, त्यामुळे झेलम एक्स्प्रेसची तिकिटं संक्रांतीच्या तोंडावरच काढून ठेवली होती. अंबाल्याला उतरायचं आणि तिथून सहल कंपनीच्या गाडीने पुढे जायचं. कंपनीचे एक लाख बारा हजार रुपये आधीच भरलेले. माझी भिशी मार्चमध्ये लागली, ती त्यातच घातली. आमच्यासारख्या घरात एवढी रक्कम एका आठवड्याच्या आनंदासाठी सहज बाजूला निघत नाही, आणि मुलांना ते माहीत होतं. कसं माहीत नसणार? जानेवारीपासून जेवणाच्या ताटावर आमचं तेच बोलणं चालू होतं. ‘पैसे भरलेत, आता काही झालं तरी जायचंच.’ ‘रद्द केलं तर एक पैसा परत मिळत नाही.’

धाकटीला वेड होतं ते सहलीतल्या कालका-सिमला गाडीचं. १९०३ साली सुरू झालेली ती छोटी गाडी, ९६ किलोमीटरचा रस्ता, आणि १०३ पर्यंत क्रमांक दिलेले बोगदे. तिने दोनशे पानी वहीची मागची पानं घेऊन १ ते १०३ आकडे एकाखाली एक लिहिले होते. प्रत्येकापुढे पट्टीने आखलेला चौकोन. बोगदा गेला की खूण करायची. तेहेतिसावा, बरोगचा, सगळ्यांत लांब, एक किलोमीटरच्याही वर. त्याच्यापुढचा चौकोन तिने इतरांपेक्षा मोठा काढला होता. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर १३ तारखेभोवती लाल स्केचपेनचं वर्तुळही तिनेच काढलेलं.

मंगळवारी ती नीट जेवली नाही. उन्हाळा आहे, आंबे जास्त झाले असतील, असं वाटलं. आजीने विचारलं तर म्हणाली, थोडं पोट दुखतंय. आजीने हिंग कालवून बेंबीभोवती लावला. जरा वेळाने ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती झोपायला गेली. बुधवारी दिवसभर पलंगावर पाय पोटाशी घेऊन पुस्तक वाचत पडली होती. मी तिच्या शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होते, बॅगेत काय काय जायचं त्याची यादी करत होते. तिचं पान उलटत नव्हतं, हे मला दिसायला हवं होतं.

रात्री नऊला उलटी झाली. अंग तापलं होतं. बाथरूमपर्यंत उजवीकडे वाकून, भिंतीला धरून चालत गेली. आम्ही गाडीत घातलं तेव्हा प्रत्येक गतिरोधकावर तिच्या तोंडून बारीकसा आवाज येत होता.

इस्पितळात डॉक्टरांनी तिला विचारलं, ‘बाळा, कधीपासून दुखतंय?’ तिने डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘आजपासून.’ माझ्या मागे उभा असलेला तेरा वर्षांचा थोरला खाली बघत म्हणाला, ‘सोमवार रात्रीपासून.’

दोघांचं ठरलं होतं. सोमवारी रात्री तिने दादाला उठवून सांगितलं होतं, आणि कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. सिमल्याला पोचलो की मग सांगायचं. तिथे डॉक्टर असतीलच.

अपेंडिक्स फुटलं होतं. पहाटे शस्त्रक्रिया झाली. वेळेवर आणलं असतं तर दोन-तीन दिवसांत घरी गेली असती. आम्ही नऊ दिवस राहिलो, शिरेतून प्रतिजैविकं चालू होती. अपेंडिक्सचं दुखणं बहुतेकदा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांनी पोटाच्या उजव्या बाजूला खाली सरकतं. भूक जाते, मळमळतं, ताप येतो, मूल वाकून चालतं, उडी मारायला नको म्हणतं. हे दुखणं अंगावर काढलं तर अपेंडिक्स फुटण्याची भीती तासागणिक वाढत जाते. आणि फुटल्यावर कधी कधी थोडा वेळ बरंही वाटतं, त्यामुळे घरचे निर्धास्त होतात. अशा पोटदुखीला घरी एरंडेल किंवा जुलाबाचं काहीही देऊ नका. हे सगळं मला नंतर कळलं, तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिते आहे.

शुद्धीवर आल्यावर तिचे पहिले शब्द होते, ‘आई, पैसे गेले का गं?’

त्या क्षणी मी कॉटची कड धरून उभी होते. मला तिच्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. आपण चार महिने तिच्या कानावर काय घालत होतो, याचा हिशेब तिने एका ओळीत माझ्यापुढे ठेवला होता.

पैशांचं काय झालं तेही सांगते, कारण अशा वेळी ते कामही कुणाला तरी करावंच लागतं. गाडी शनिवारी संध्याकाळची. तेव्हाच्या नियमाप्रमाणे निश्चित आरक्षण सुटण्याच्या ४८ तासांआधी रद्द केलं तर थ्री एसीच्या प्रत्येक तिकिटामागे फक्त १८० रुपये आणि त्यावरचा जीएसटी कापला जायचा. त्यानंतर भाड्याचा पाव हिस्सा, आणि शेवटच्या बारा तासांत, गाडी सुटायच्या चार तास आधीपर्यंत, निम्मा. मुलांच्या बाबांनी गुरुवारी दुपारी इस्पितळाच्या बाकावर बसून चारही तिकिटं रद्द केली. नियम बदलत राहतात, त्यामुळे तुमच्या वेळचे तुम्ही पाहा. पण निर्णय झाला की तासभरही थांबू नका. विमानाचं तिकीट असेल तर ते ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी त्यातले कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. रेल्वेच्या तिकिटाबरोबर काही पैशांत मिळतो तो विमा अपघाताचा. आजारपणामुळे प्रवास रद्द झाला तर त्यातून काही मिळत नाही. त्यासाठी सहल रद्द होण्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि त्यातही आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात, ते वाचून घ्यावं.

सहल कंपनीच्या अटींत शेवटच्या सात दिवसांत रद्द केल्यास काहीही परत नाही, असं छापलेलं होतं. आम्ही डॉक्टरांचं पत्र जोडून त्याच दिवशी ईमेल केला आणि पैसे परत न मागता तारीख पुढे ढकलायची विनंती केली. फोनवर आधी नकारच आला. तीन आठवड्यांनी निम्म्याहून थोडी कमी रक्कम पुढच्या सहलीसाठी जमा धरू, असं लेखी मिळालं. बाकीची गेली. सगळं लेखीच मागा, आणि अगदीच अडलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. एवढं करावं, आणि तो विषय तिथेच मिटवावा.

तो मिटवणं मात्र सोपं गेलं नाही. भेटायला माणसं येत होती, सगळी प्रेमाचीच. पण कॉटच्या पायथ्याशी उभं राहून एकीने विचारलं, ‘अगं बाई, सगळे पैसे बुडाले का गं?’ दुसऱ्या दिवशी कुणी तरी मुलीच्या गालाला हात लावून कौतुकाने म्हणालं, ‘बघ, तुझ्यामुळे सगळ्यांची सहल राहिली!’ बोलणाऱ्याच्या मनात काहीही नव्हतं. मुलीने मात्र डोक्यावरून चादर ओढून घेतली. त्यानंतर मी खोलीच्या दाराबाहेरच सगळ्यांना थांबवून सांगू लागले की आत सहलीचा विषय काढू नका. काहींना ते लागलं असेल. लागू दे.

थोरल्याचं आणखी वेगळंच. तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. मला आधी वाटलं, सहल हुकली म्हणून रुसलाय, आणि मी त्याला एकदा झाडलंही, ‘बहीण आत पडली आहे आणि तुला फिरायचं सुचतंय?’ तिसऱ्या दिवशी जिन्यात बसून तो हमसून हमसून रडला. ‘मी सांगायला हवं होतं. मला पण जायचं होतं म्हणून मी नाही सांगितलं.’ एका आजारपणाने दोन मुलं अपराधी होऊन बसली होती, आणि आम्ही दोघं मोठी माणसं कॉरिडॉरमध्ये बिलांचे हिशेब करत होतो. लहान मुलं घरात जे काही बिघडतं त्याचं कारण स्वतःत शोधतात. आपण तोंडाने बोललो नाही तरी शोधतात. इथे तर आम्ही बोललोही होतो.

म्हणून त्या रात्री तिच्या बाबांनी दोघांनाही जवळ घेऊन सगळं स्पष्ट सांगितलं. हो, पैसे गेले. किती गेले तेही सांगितलं, कारण लपवलं असतं तर त्यांनी मनात दुप्पट धरले असते. मग म्हणाले, ‘हे पैसे आम्ही भरले होते, त्यांची काळजी आमची. सोमवारी रात्रीच तुम्ही आम्हाला उठवलं असतं तरी सहल रद्दच झाली असती, आणि आम्हाला खूप बरं वाटलं असतं.’ थोरल्याची मी माफी मागितली. सहल हुकल्याचं वाईट वाटणं आणि बहिणीची काळजी वाटणं ही दोन्ही त्याच्या मनात एका वेळी असू शकतात, हे मला कळायला हवं होतं. त्याला रागवायला, रडायला, बॅग परत माळ्यावर टाकताना ती आपटायलाही मोकळीक हवी होती.

माझ्या एका मैत्रिणीच्या घरी हेच आजोबांच्या बाबतीत झालं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या छातीत दुखलं, गोव्याची सहल रद्द झाली. नातवंडांना कुणी तरी सांगितलं, ‘आजोबांमुळे जाता आलं नाही.’ नंतर आजोबा जेव्हा जेव्हा सहलीचा विषय निघायचा तेव्हा उठून गॅलरीत जायचे. छातीत पुन्हा दुखलं तर ते सांगतील का, याची मैत्रिणीला आजही धास्ती वाटते. त्याऐवजी असं म्हणता आलं असतं, ‘आजोबा आजारी पडले आणि आपण ठरवलं की घरी थांबायचं.’ एवढाच शब्दांचा फरक, पण त्यात निर्णय आपला राहतो आणि दोषाचा भार आजाऱ्याच्या छातीवरून उतरतो. घरात वयस्क असोत की मूल, आजारी माणसाला आपण अडचण झालो असं वाटू देऊ नका. ज्याला तसं वाटतं तो पुढचं दुखणं लपवतो.

तुमच्याही घरात कॅलेंडरवर अशी एखादी तारीख असेल. पैसे भरलेले असतील, ते तुम्ही कसे जमवलेत ते तुम्हालाच ठाऊक. मुलांना पैशांची किंमत कळावी हे मलाही मान्य आहे. तरी बॅगा भरण्याआधी त्यांना समोर बसवा आणि त्यांच्या डोळ्यांत बघून सांगा, ‘काही दुखलं, खुपलं, तर रात्री दोन वाजतासुद्धा आम्हाला उठवायचं. सहल राहिली तर राहिली.’ एकदा सांगून भागत नाही. निघायच्या आदल्या रात्री पुन्हा सांगा.

बोगद्यांची वही अजून तिच्या कपाटात आहे, चौकोन रिकामे आहेत. सिमल्याचं अजून जमलेलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आम्ही गाडीने तारकर्लीला निघालो. घरातून बाहेर पडताना माझ्या तोंडावर ते जुनं वाक्य आलं होतं, मी गिळलं. कऱ्हाडच्या अलीकडे मागच्या सीटवरून आवाज आला, ‘आई, माझा कान दुखतोय. सकाळपासूनच थोडा दुखत होता, पण आता जास्त दुखतोय, म्हणून सांगते.’ आम्ही कऱ्हाडला डॉक्टर शोधले, औषध घेतलं, आणि अडीच तास उशिरा तारकर्लीला पोचलो.