‘आमच्या पश्चात याचे काय?’ : संस्थेकडून घराकडे

बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या मुलाचे आईवडील बालरोगतज्ज्ञाला अनेक प्रश्न विचारतात. मूल बोलेल का, चालेल का, शाळेत जाईल का, हे प्रश्न आरंभीच्या वर्षांतले. मूल पंधरा-सोळा वर्षांचे झाले की हे सारे मागे पडतात आणि एकच प्रश्न उरतो : आमच्या पश्चात याचे काय?

आपल्या समाजात या प्रश्नाची सहसा दोन उत्तरे दिली जातात. एक, ‘भावंडे बघतील’. दुसरे, ‘एखाद्या संस्थेत ठेवावे लागेल’. भावंडे परगावी वा परदेशी स्थायिक होतात, वाड्याच्या जागी दोन खोल्यांचा फ्लॅट येतो आणि पहिले उत्तर बारगळते. दुसऱ्या उत्तराचे काय होते, याचा अनुभव जगाने घेतलेला आहे. तो अनुभव आणि त्यातून निघालेले तिसरे उत्तर वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

विलोब्रुकचा धडा

कावीळ दोन प्रकारची असते, एक अल्प उबवणकाळाची व दुसरी दीर्घ उबवणकाळाची, हे आपण सर्व डॉक्टर विद्यार्थिदशेत शिकलो. या ज्ञानाचा मोठा भाग न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंड येथील विलोब्रुक या सरकारी संस्थेतून आला. तेथे बौद्धिक अक्षमता असलेली मुले व प्रौढ ठेवले जात. सुमारे 4,000 जणांसाठी बांधलेल्या या संस्थेत 1960 च्या दशकाच्या मध्यास 6,000 हून अधिक जण राहत होते. डॉ. सॉल क्रुगमन या नामवंत बालरोगतज्ज्ञांनी 1950 च्या दशकाच्या मध्यापासून तेथे संशोधन केले. नव्याने दाखल झालेल्या काही मुलांना, पालकांची संमती घेऊन, हेतुपुरस्सर काविळीच्या विषाणूची लागण करण्यात आली. दोन्ही विषाणू वेगळे असल्याचे त्यांनी 1967 मध्ये दाखवून दिले.

या प्रयोगांवर पुढे कठोर टीका झाली. गर्दीमुळे सर्वसाधारण विभागात प्रवेश बंद असताना संशोधन विभागात मात्र जागा मिळत असे. तेव्हा ती संमती कितपत स्वेच्छेची होती, हा प्रश्न वैद्यकीय नीतिशास्त्रात आजही शिकविला जातो. मला मात्र प्रयोगाच्या समर्थनार्थ केलेला युक्तिवाद अधिक बोलका वाटतो. तो असा की, या मुलांना तेथे राहून आज ना उद्या कावीळ होणारच आहे. मूल आजारी पडणार, ते त्याच्या बौद्धिक अक्षमतेमुळे नव्हे, तर त्याला जेथे ठेवले आहे त्या जागेमुळे, याची ही कबुलीच नव्हे काय?

विलोब्रुकचे दार बाहेरच्या जगाला उघडले तेही एका डॉक्टरमुळे. पालकांना संघटित केल्याबद्दल डॉ. मायकेल विल्किन्स यांना जानेवारी 1972 मध्ये नोकरीवरून काढण्यात आले. परंतु एका इमारतीची किल्ली त्यांच्याकडेच राहिली होती. त्या किल्लीने त्यांनी दूरचित्रवाणीचे वार्ताहर गेराल्डो रिव्हेरा यांना आत नेले. अंधाऱ्या खोल्यांत उघडीनागडी, घाणीत बसलेली मुले अमेरिकेने घरबसल्या पाहिली. त्या वार्तांकनात बर्नार्ड काराबेलो हा 21 वर्षांचा तरुणही बोलला. त्याला सेरेब्रल पाल्सी होती. बोलणे अस्पष्ट होते, बुद्धी शाबूत होती. तिसऱ्या वर्षी ‘मतिमंद’ असा शिक्का बसला आणि 18 वर्षे तेथे गेली. पुढे तो अपंगांच्या हक्कांच्या चळवळीतील कार्यकर्ता झाला.

पालकांनी त्याच वर्षी न्यायालयात दावा दाखल केला. दाव्याशी निगडित रहिवाशांची संख्या सुमारे 5,400 होती. 1975 च्या तडजोडीच्या हुकूमनाम्यानुसार 1981 पर्यंत ही संख्या 250 वर आणावयाची होती. मुदत पाळली गेली नाही. तथापि संस्था 1987 मध्ये कायमची बंद झाली आणि अनेक रहिवासी वस्तीतील लहान घरांत राहू लागले.

इमारत की दिनक्रम?

आपल्याकडील अनेक संस्था त्यागी माणसांनी पदरमोड करून उभ्या केल्या आहेत. त्यांना विलोब्रुकच्या पंक्तीस बसविणे हा अन्याय होईल. परंतु प्रश्न चालकांच्या सद्भावनेचा नसून जगण्याच्या रीतीचा आहे. स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनी 1969 मध्ये एक साधी कसोटी मांडली : या व्यक्तीच्या दिवसाला, आठवड्याला आणि वर्षाला इतरांच्यासारखी लय आहे का? ती रात्री तिच्या वयाच्या माणसांप्रमाणे झोपते, की पाळी बदलायची म्हणून सायंकाळीच तिला अंथरुणावर पाठवितात? राहण्याची जागा आणि दिवसाच्या कामाची जागा वेगळी आहे का? सण, सुट्टी, पाहुणे तिच्या वाट्यास येतात का?

या कसोटीने पाहिले तर चार खोल्यांचे घरही ‘संस्था’ ठरू शकते. आणि आधाराची गरज असलेली व्यक्ती मदतनिसासह स्वतःच्या घरात राहत असेल, तर ते खरे घर ठरते. सकाळी चहा की दूध, हे कोण ठरवितो, येथूनच फरक सुरू होतो.

नुसते दार उघडणे पुरेसे नाही

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत 1955 च्या सुमारास साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. पुढील दशकांत खाटा झपाट्याने कमी झाल्या. परंतु 1963 च्या कायद्याने योजलेल्या वस्तीतील मानसिक आरोग्य केंद्रांपैकी अनेक उभीच राहिली नाहीत. परिणामी अनेक रुग्ण रस्त्यावर वा तुरुंगात पोहोचले. म्हणजे संस्था बंद करणे हे निम्मेच काम. आधार उभा करणे हे उरलेले आणि अधिक कठीण काम. आधार म्हणजे मदतनीस, त्याचा नियमित पगार, दिवसाचे काम, जवळचा डॉक्टर आणि तक्रार ऐकून घेणारा बाहेरचा माणूस.

आपला कायदा काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंगत्वविषयक कराराचे 19 वे कलम समाजात राहण्याचा हक्क मान्य करते. भारताने हा करार 2007 मध्ये स्वीकारला. त्यानुसार झालेल्या 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये अशा व्यक्तीस विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती नसावी आणि तिला वस्तीतील आधारसेवा मिळाव्यात, असे म्हटले आहे. शासनाने त्यासाठी ‘प्रयत्न करावा’ अशी सौम्य शब्दयोजना तेथे आहे. म्हणून कायदा झाला की घर मिळाले, असे समजू नये. कलम 9 मात्र स्पष्ट आहे : केवळ अपंगत्वाच्या कारणावरून, न्यायालयाच्या आदेशाशिवाय, मुलास आईवडिलांपासून वेगळे करता येत नाही.

अठरा वर्षांनंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्यातील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. अर्थात, पालक नेमणे म्हणजे त्या व्यक्तीचे मत संपविणे नव्हे.

आपण डॉक्टरांनी काय करावे?

पहिले, निदान सांगताना ‘याचा काही उपयोग नाही’ हे वाक्य आपल्या तोंडून कधीही निघू नये. संस्थेचा रस्ता पुष्कळदा तेथूनच सुरू होतो. काराबेलोचे उदाहरण लक्षात ठेवून वाचा, श्रवण व बुद्धी यांची स्वतंत्र तपासणी करावी.

दुसरे, स्वतःचे कपडे निवडणे, ताट उचलणे, नको ते ‘नको’ म्हणणे, ही कौशल्ये तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून शिकवावयास सांगावीत. पुढे घरात राहण्याची ही पूर्वतयारीच आहे.

तिसरे, हस्तांतरण. तिशी ओलांडलेले काही रुग्ण आजही माझ्याकडे, लहान मुलांच्या रांगेत, येऊन बसतात; कारण मोठ्यांचे डॉक्टर त्यांना घेण्यास कचरतात. जेथे फिजिशियन, दंतवैद्य व स्त्रीरोगतज्ज्ञ अशा रुग्णाला तपासत नाहीत, तेथे वस्तीतले घर टिकणार नाही. बालरोगतज्ज्ञाने अपस्माराची औषधे, गिळण्याचे त्रास, दृष्टी व श्रवण, डाउन सिंड्रोममध्ये दरवर्षीची थायरॉइड तपासणी अशी एका पानाची टिपणी लिहून द्यावी. आणि फिजिशियन बंधुभगिनींनी पहिल्या भेटीस थोडा अधिक वेळ द्यावा. न बोलणारा रुग्ण अचानक आक्रमक झाला, तर गुंगीचे औषध लिहिण्यापूर्वी दात, कान, बद्धकोष्ठ व जठराचा दाह तपासावा. वेदनेला वर्तनदोष समजल्यामुळेही माणसे घराबाहेर जातात.

चौथे काम नागरिक म्हणून आहे. आपल्या सोसायटीत अशा तीन-चार प्रौढांनी मदतनिसासह घर भाड्याने घेऊ म्हटले, तर सभेत आक्षेप निघेल. त्या सभेत डॉक्टरच्या शब्दाला वजन असते. तो शब्द आपण उच्चारावा आणि त्या घराचे वैद्यकीय उत्तरदायित्वही स्वीकारावे.

हे काम आईवडील हयात असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत सुरू झाले पाहिजे. महिन्यातून दोन रात्री दुसऱ्या घरी राहणे, एका मदतनिसाची सवय होणे, इतक्या लहान पावलांनी आरंभ करता येतो. आपल्या संघटनेने शहरातील अशा कुटुंबांची आणि त्यांचे रुग्ण आनंदाने पाहणाऱ्या डॉक्टरांची यादी तयार केली, तर त्या प्रश्नाच्या उत्तराची पहिली ओळ आपल्या हातून लिहिली जाईल.