बॉयलर म्हणजे गिझर नव्हे

पुण्या-मुंबईकडून इंग्लंडात राहायला आलेल्या माणसाच्या हाताला एक सवय लागलेली असते. आंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटं गिझर लावायचा आणि आंघोळ उरकली की आठवणीनं बटण बंद करायचं. विसरलं तर घरातलं कुणीतरी ओरडतंच. सवय चांगलीच आहे, पण इथल्या हीटिंग बॉयलरला ती जशीच्या तशी लावली की महागात पडते. जुन्या घरात कित्येकदा बॉयलरला ना धड टायमर असतो, ना खोलीत थर्मोस्टॅट. शेजारच्या भिंतीवर लाल दिव्याचा एक स्विच तेवढा असतो. थंडीतलं पहिलं गॅसबिल हातात पडलं की याच स्विचच्या जागी एखादा स्वस्तातला टायमर बसवून मोकळं व्हावंसं वाटतं. टायमर आणि थर्मोस्टॅट दोन्ही जरूर बसवा, असंच मीही सांगेन. मात्र त्यांनी बॉयलरची वीज तोडायची नाही. बॉयलरकडे उष्णतेची जी मागणी जाते, तेवढीच त्यांनी चालू-बंद करायची.

हा फरक वरवर पाहता किरकोळ वाटतो. गिझरची वीज तोडली तर टाकीतलं पाणी सावकाश निवतं, बाकी काही बिघडत नाही. बॉयलरमध्ये गॅसची ज्योत हीट एक्स्चेंजर तापवते आणि पंप त्यातलं पाणी घरभरच्या रेडिएटरांमधून फिरवत राहतो. ज्योत विझली तरी त्या धातूत बरीच उष्णता शिल्लक असते, म्हणून पंप पुढेही काही मिनिटं चालू राहतो. मुख्य वीजच गेली तर ज्योतीबरोबर पंपही थांबतो, आत अडकलेलं पाणी जागच्या जागी आणखी तापतं, भांड्यात खडे टाकल्यासारखा आवाज येतो आणि कधीकधी सुरक्षेचा कटआउट पडून बॉयलर लॉक होतो. दिवसातून दोन-तीनदा हे व्हायला लागलं तर यंत्राचं आयुष्य कमी होणारच. शिवाय कॉम्बी बॉयलर असेल तर वीज बंद असताना नळाला गरम पाणीही येत नाही, कारण तिथे साठवणीची टाकीच नसते. आतलं पाणी गोठायच्या बेतात आलं की बहुतेक आधुनिक बॉयलर आपण होऊन पेटतात, ती राखणही विजेवरच चालते. नाताळच्या सुट्टीत भारतात जाताना स्विच बंद करून जाणारा माणूस नेमकी ही राखण मोडून जातो. 2010च्या डिसेंबरसारखी थंडी पडली, तर फुटलेल्या पाइपाच्या खर्चापुढे वाचलेला गॅस कुठेच मोजला जात नाही. आणि बॉयलरची राखण बॉयलरपुरतीच असते; पोटमाळ्यावरच्या पाइपांचं तिला काही देणंघेणं नाही. म्हणून सुट्टीवर जाताना थर्मोस्टॅट दहा-बारा अंशांवर ठेवून जावं.

मागणी चालू-बंद करायची म्हणजे काय, हे बॉयलरच्या जोडणीच्या पट्टीवर दिसतं. बाहेरच्या नियंत्रणासाठी तिथे दोन टोकं असतात आणि अनेक बॉयलरांत कारखान्यातून येतानाच त्यांच्यामध्ये वायरचा एक बोटभर तुकडा लावलेला असतो. त्याला लिंक म्हणतात. ‘खोलीला उष्णता हवी आहे’ असं बॉयलरला कायमचं सांगून ठेवण्याचं काम ती करते. नवा थर्मोस्टॅट जोडला आणि लिंक काढायची राहिली, तर तो भिंतीवर टिकटिकत राहतो, आकडे बदलत राहतो आणि बॉयलर त्याला अजिबात जुमानत नाही. टायमर आणि थर्मोस्टॅट वेगवेगळे घेतले असतील तर ते एकापुढे एक, म्हणजे सीरिजमध्ये जोडावे लागतात: वेळही झालेली हवी आणि खोलीही गार हवी. चुकून समांतर जोडले तर दोघांपैकी एकानं होकार दिला तरी बॉयलर पेटतो, आणि मध्यरात्री रिकामी बैठकीची खोली तापवत बसतो. काही बॉयलरांत या टोकांवर 230 व्होल्ट असतात, काहींत अगदी कमी दाब असतो, तर ओपनथर्म या थर्मोस्टॅट-बॉयलर संवादाच्या पद्धतीची टोकं निव्वळ संदेशांच्या देवाणघेवाणीसाठी असतात. कमी दाबाच्या टोकावर 230 व्होल्ट दिले की सर्किट बोर्ड गेलाच म्हणून समजा.

‘दोन वायरी तर जोडायच्या, त्यासाठी माणूस कशाला बोलवायचा?’ हा प्रश्न आपल्याकडच्या हुन्नरी माणसाला पडणारच, आणि पंखा स्वतः बसवणाऱ्याला तो पडला तर नवल नाही. पण अनेक बॉयलरांचं पुढचं झाकण हे ज्वलनकक्षाच्या सीलचाच भाग असतं. ते उघडणं गॅसच्या कामात मोडतं आणि असं काम करणाऱ्याची नोंदणी गॅस सेफ रजिस्टरमध्ये असावीच लागते. पूर्वी कॉर्गी या संस्थेकडे असलेलं नोंदणीचं काम 2009पासून गॅस सेफकडे आहे. घर भाड्याचं असेल तर वायरीला हात लावण्याआधी घरमालकाची लेखी परवानगी घ्या. दरवर्षी गॅसची तपासणी करून घेणं ही कायद्यानं त्याचीच जबाबदारी आहे.

दुसरा आक्षेप असा की बॉयलरवर तापमानाची चकती आहेच, मग वेगळा थर्मोस्टॅट हवा कशाला? ती चकती रेडिएटरांकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान ठरवते, खोलीत किती उबारा आहे हे तिला कळत नाही. मात्र तिचा उपयोग वेगळा आणि मोठा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये 2005पासून काही अपवाद वगळता नवे गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचेच बसवावे लागतात. रेडिएटरांतून परतणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच धुरातली वाफ द्रवून तिची उष्णता परत मिळते. चकती 80वर ठेवली तर हा फायदा जवळजवळ हातचा जातो. कॉम्बी बॉयलरवर हीटिंगची चकती साठाच्या आसपास आणून बघावी; खोली थोडी सावकाश तापते, एवढंच. गरम पाण्याची टाकी असलेल्या घरात मात्र हा प्रयोग नको. लिजिओनेला जिवाणूंच्या धोक्यामुळे तिथलं साठवलेलं पाणी 60 अंशांवर ठेवावं लागतं आणि त्यासाठी बॉयलरकडून येणारं पाणी त्याहून गरम लागतं.

थर्मोस्टॅट 28वर नेला की घर लवकर तापतं, हा समज तर फारच चिवट आहे. साधा थर्मोस्टॅट बॉयलरला फक्त हो किंवा नाही सांगतो. घाई करायला सांगत नाही. ‘दिवसभर मंद चालू ठेवलेलंच स्वस्त पडतं’ हेही सहसा खरं नसतं, कारण आतल्या आणि बाहेरच्या तापमानात जितका फरक, तितकी उष्णता भिंतींतून निघून जाते, आणि घर रिकामं असताना तो फरक टिकवण्यात काही अर्थ नाही. पण या म्हणण्यात एक कण सत्याचा आहे. घरातच कपडे वाळत घालायचे, रोजचं भात-वरण शिजवायचं आणि हीटिंग पूर्ण बंद ठेवायचं, असं केलं तर गार भिंतींवर ओल धरते आणि कपाटामागे काळी बुरशी येते. म्हणून बाहेर जाताना हीटिंग पूर्ण बंद करण्याऐवजी थर्मोस्टॅट पंधरा-सोळा अंशांवर ठेवावा. घरात माणसं असताना जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेल्या 18 अंशांच्या खाली जाऊ नये, म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं असतील तर मुळीच नाही.

थर्मोस्टॅट रेडिएटरच्या डोक्यावर किंवा स्वयंपाकघरात नको. पोळ्या चालू असताना तो घरभरचं हीटिंग बंद करून टाकेल. ज्या खोलीत तो असेल तिथल्या रेडिएटरची तापमानाची झडप पूर्ण उघडी ठेवावी, नाहीतर झडप आधी मिटते आणि थर्मोस्टॅट उष्णता मागतच राहतो. फोनवरून चालणारं महागडं उपकरण घेण्याआधी बॉयलर ओपनथर्म समजतो का, हे विचारा. बॉयलरच म्हातारा झाला असेल तर थोडं थांबणंही शहाणपणाचं, कारण इंग्लंडमध्ये एप्रिल 2018पासून नव्या गॅस बॉयलरबरोबर वेळेचं आणि तापमानाचं नियंत्रण द्यावंच लागतं.

काम झाल्यावर इंजिनिअर हत्यारं आवरायला लागला की त्याच्यासमोरच तपासून घ्या. टायमर चालू ठेवून थर्मोस्टॅट पाच अंशांवर आणा: ज्योत विझली पाहिजे आणि पंप जरा वेळ चालून थांबला पाहिजे. मग तीस अंशांवर न्या: बॉयलर पेटला पाहिजे. आता थर्मोस्टॅट तिथेच ठेवून टायमर बंद करा: ज्योत पुन्हा विझली पाहिजे. घरात कॉम्बी असेल तर त्याच अवस्थेत गरम पाण्याचा नळ सोडून बघा. पाणी गार आलं तर जोडणी विजेवर झाली आहे, त्याला जाऊ देऊ नका.