कळलावी

आमच्या वावराच्या धुऱ्यावर कळलावीचा वेल आहे. पाऊस पडला की तो कंदातून उगवतो. पानाचे टोक दोऱ्यासारखे असते. ते बोरीच्या काट्यांना गुंडाळून वेल वर चढतो. श्रावणात फुले येतात. फुलाला ६ पाकळ्या असतात. त्या आधी हिरवट, मग पिवळ्या आणि शेवटी लालभडक होतात. म्हणून तिला अग्निशिखा पण म्हणतात. हे तामिळनाडूचे राज्यफूल आहे.

आजी म्हणते, हे फूल घरात आणले की भांडण लागते. मी एकदा आणले. भांडण झाले, पण ते मी अभ्यास केला नाही म्हणून!

कंद फार विषारी असतो. कंद आणि बियांपासून औषध करतात, म्हणून लोक कंद खणून नेतात. कंद गेला की वेल संपला. जगाच्या यादीत या फुलाला मोठा धोका नाही. पण आमच्या धुऱ्यावर मागच्या साली ५ वेल होते, औंदा एकच उरला. बकरी खाईल म्हणून बाबा तोही उपटणार होते. मी म्हटले, "बाबा, काट्या लावू." आम्ही दोघांनी भोवती काट्या लावल्या. आता बकरीही वाचली आणि वेलही वाचला.

मुलांनो, फूल डोळ्यांनी पाहा. कंद खणू नका.

– इयत्ता ४ थी