कडबा, शेण आणि चुलीचा वायू

बार्शीची छोटी रेल्वे १८९७ साली धावू लागली. त्याच वर्षी मुंबईला माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून मिळवलेल्या वायूवर दिवे लागले. तसाच वायू शेणापासून मिळतो. त्यालाच आपण गोबर गॅस म्हणतो. बार्शीकडे ज्वारीचा कडबा पुष्कळ. मग कडबाच सरळ टाकीत का घालू नये?

आधी टाकीत काय घडते ते पाहू. शेणात तितकेच पाणी कालवून तो काला बंद टाकीत सोडतात. तेथे हवा नसते. काही जीवाणू शेणातील पदार्थांपासून आम्ले बनवतात. दुसरे जीवाणू त्यांपासून मिथेन तयार करतात. वायूत मिथेन सुमारे ५५ ते ६० टक्के असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. जळतो तो मिथेन.

कडब्यात लिग्निन हा चिवट घटक असतो. हवेवाचून जगणाऱ्या या जीवाणूंना तो पचत नाही. कडब्यात नत्रही कमी. शिवाय काड्या तरंगून वर जाड थर धरतात आणि वायू अडतो. बारीक कुट्टी शेणात थोडी मिसळली तर चालते. पण दुष्काळात कडबा म्हणजे जनावरांचा जीव! जर्मनीत वायूसाठी मका पेरतात. तो इतका वाढला, की २०१२ च्या कायद्याने त्याच्या वापराला मर्यादा घातली. म्हणून आपला क्रम असा असावा : कडबा बैलाला, शेण टाकीला.

आता हिशेब करू. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. एका मोठ्या जनावराचे शेण रोज १० किलो धरले, तर पाच जनावरांचे ५० किलो. वायू झाला २,००० लिटर, म्हणजे २ घनमीटर. एवढ्यात पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. मात्र रोज ५० लिटर पाणीही लागते, हे विसरू नका.

गोवऱ्या जाळल्या, की शेणातील नत्र धुराबरोबर जातो व शेताला उरते राख. टाकीतून बाहेर येणाऱ्या रबडीत तो बहुतांशी शिल्लक राहतो. चूलही पेटते आणि शेतही जेवते.

तुमच्या घरची जनावरे मोजा. वायू किती मिळेल? आणि मे महिन्यात तेवढे पाणी कोठून आणाल? दोन्ही उत्तरे वहीत लिहा.