राजौरीची वाट

सैन्य पोटावर चालते, असे म्हणतात. शिपाई कितीही शूर असले, तरी त्यांच्या मागून धान्य, दारूगोळा आणि औषधे वेळेवर आली नाहीत, तर जिंकलेली भूमीही हातची जाते. म्हणून शत्रू रसदेची वाट अडवून धरतो. ती मोकळी करण्याचे काम सफरमैना पलटणीचे असते.

१९४७ च्या ऑक्टोबरात काश्मीरवर आक्रमण झाले. पुढच्याच महिन्यात जम्मू भागातील राजौरी शत्रूच्या हाती पडली. १९४८ च्या एप्रिलमध्ये भारतीय सैन्य नौशेऱ्याहून राजौरी परत घेण्यास निघाले. वाट डोंगराच्या कडेने नागमोडी जाणारी. शत्रूने तीत सुरुंग पेरले होते, मोऱ्या उडवून दिल्या होत्या आणि प्रचंड वृक्ष आडवे पाडले होते.

ही वाट उघडण्याची कामगिरी सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्याकडे आली. राणे हे कारवारजवळील चेंडिया गावचे. १९४० साली ते मुंबई सफरमैना पलटणीत साधे शिपाई म्हणून दाखल झाले आणि स्वतःच्या गुणांवर अधिकारपदाला चढले.

८ एप्रिल रोजी सुरुंग काढण्यास आरंभ होताच उखळी तोफांचा भडिमार झाला. दोन जवान ठार आणि पाच जखमी झाले. जखमींत स्वतः राणेही होते. तरीही त्यांनी तुकडी सावरली आणि काम पुढे चालविले. दुसऱ्या सायंकाळी पाच मोठे वृक्ष वाटेत आडवे आढळले. त्यांच्याभोवती सुरुंग होते आणि वरून मशीनगनचा मारा चालू होता. १० एप्रिलला पहाटे पावणेपाच वाजता राणे यांनी त्या अडथळ्याला हात घातला आणि साडेसहाला वाट मोकळी केली.

पुढे रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रातून निघाले व दुपारी दोन वाजता चिंगस येथे पोहोचले. आता राणे यांनी विसावा घेतला असता, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु सैन्याची रसद मागून त्या रस्त्यानेच यावयाची होती. म्हणून अन्नपाण्याविना ते रात्री नऊपर्यंत राबत राहिले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. १२ एप्रिल रोजी भारतीय सैन्य राजौरीत शिरले.

त्या युद्धात पाच वीरांना परमवीरचक्र मिळाले. त्यांपैकी तिघांना ते मरणोत्तर लाभले. हयात राहिलेल्या दोघांत राणे हे एक होत. १९९४ साली पुणे येथे त्यांचे निधन झाले.

शत्रूवर तुटून पडणे हे शौर्य खरेच; पण गोळ्यांच्या वर्षावात खाली वाकून, धीराने एकेक सुरुंग उपसणे हेही तितकेच मोठे शौर्य होय.